काट्यावरची रांग : कर्नेलच्या नोंदवहीचा पन्नास वर्षांचा इतिहास

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना एसटीत, वर्गात किंवा रात्री घरचे झोपल्यावर आवाज न करता वाचायचं असतं, त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, थोडी साफसफाई केली आहे.

आजचा विषय ऐकायला एकदम कोरडा आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये सिस्टिम कॉलची नोंद कशी ठेवतात, त्या नोंदीमुळे मशीन का हळू होतं आणि ते ओझं कमी करायला लोकांनी काय काय केलं. पण थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. हा विषय इस्लामपूरच्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळेल असं माझं म्हणणं आहे. कारण आपण उसाच्या पट्ट्यातले. आपण काटा बघितलाय.

काटा

गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा तालुक्यातल्या रस्त्यांवर काय दिसतं? उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, अधूनमधून बैलगाड्या. कारखान्याच्या दारात प्रत्येक वाहन आधी काट्यावर जातं. भरलेलं वजन होतं. मग ऊस खाली होतो, वाहन परत काट्यावर येतं, रिकामं वजन होतं. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा ऊस. पावती मिळते आणि त्या पावतीवर वर्षाचं बिल ठरतं.

आता काटा काढून टाकला तर? कुणी तयार होणार नाही. ‘काटा मारला’ हा शब्दच आपल्याकडे किती जुना आहे बघा. शेतकरी आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर वजन करून मग कारखान्यात गाडी घेऊन जातो, ते काही हौसेनं नाही. नोंद नसली की भांडणात पुरावा नसतो.

पण दुसरी बाजूही आहे. काट्यावर रांग लागली की ऊस उन्हात वाळतो. वजन घटतं, उतारा घटतो. म्हणजे नोंद ठेवण्याच्या नादात ज्याची नोंद ठेवायची तो मालच कमी होतो. रांगेत ताटकळलेल्या ड्रायव्हर काकांना विचारा, “किती वेळ झाला ओ?” ते काय उत्तर देतील ते इथे लिहिण्यासारखं नसेल.

बस्स. आजची सगळी गोष्ट एवढीच आहे. काटा पाहिजे, पण रांग नको.

तुमच्या फोनमधला काटा

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स नावाचा कर्नेल आहे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, स्टोरेज, नेटवर्क, कॅमेरा, सगळ्यावर ताबा त्याचा. अ‍ॅपला स्वतःहून यातल्या कशालाही हात लावता येत नाही. फाइल उघडायची असेल तर अ‍ॅपला कर्नेलला विनंती करावी लागते. ही विनंती म्हणजे सिस्टिम कॉल.

फाइल उघड, वाच, लिही, नवीन प्रोसेस सुरू कर, नेटवर्कवर जोडणी कर : असे तीनशेहून जास्त वेगवेगळे कॉल लिनक्समध्ये आहेत. आणि ते सतत होत असतात. तुम्ही एक रील वर सरकवली तेवढ्यात हजारो कॉल होऊन गेले.

प्रत्येक काम या एकाच दारातून जात असेल तर लक्ष ठेवायची जागाही हीच. दारात वही घेऊन बसा : कोण आला, काय मागितलं, मिळालं की नाही, किती वाजता. यालाच सिस्टिम कॉल ऑडिटिंग म्हणतात.

कल्पना आली कुठून?

1960 च्या दशकात एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची पद्धत आली. एमआयटीमध्ये मल्टिक्सचं काम 1965 च्या सुमारास सुरू झालं. एकाच मशीनवर अनेक माणसं आली की प्रश्न येतोच : याची फाइल त्यानं वाचली तर?

1972 मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला. त्यात ‘रेफरन्स मॉनिटर’ ही कल्पना मांडली होती. म्हणजे असा एक पहारेकरी, ज्याला टाळून कुठल्याही फाइलपर्यंत जाता येणार नाही. 1980 मध्ये त्यांनीच दुसरा अहवाल लिहिला. त्यातला विचार असा की दारावरच्या वह्या नुसत्या भरून उपयोग नाही, त्या वाचून घुसखोर ओळखता आला पाहिजे. 1987 मध्ये डोरोथी डेनिंग यांनी याच नोंदींच्या आधारे घुसखोरी ओळखण्याचं मॉडेल प्रसिद्ध केलं. आजच्या बऱ्याच सुरक्षा प्रणालींचं मूळ तिथे सापडतं.

मग आलं ‘ऑरेंज बुक’. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं हे पुस्तक पहिल्यांदा 1983 मध्ये आलं आणि 1985 मध्ये ते प्रमाण म्हणून लागू झालं. कव्हर नारिंगी म्हणून नाव ऑरेंज. सरकारी कामासाठी संगणक विकायचा तर त्यात काय काय हवं, याच्या पायऱ्या त्यात होत्या. त्यातल्या सी-टू या पायरीपासून ऑडिट सक्तीचं झालं.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्याच पायरीत असंही म्हटलं होतं की प्रशासकाला ठरावीक वापरकर्त्याच्याच हालचाली निवडून नोंदवता आल्या पाहिजेत. म्हणजे ‘सगळं लिहा’ असा आग्रह पहिल्या दिवसापासून नव्हता. ‘निवडून लिहा’ हेही तिथेच होतं. लोक ते विसरले, एवढंच.

लिनक्सच्या दारात वही येते

सन कंपनीच्या सोलारिसमध्ये असं ऑडिट 1990 च्या दशकातच होतं. लिनक्समध्ये मात्र नव्हतं. तोवर लिनक्स म्हणजे हौशी लोकांचं आणि कॉलेजातल्या पोरांचं. पण 2000 नंतर बँका, सरकारी खाती लिनक्सकडे बघायला लागली. त्यांचा पहिला प्रश्न : सर्टिफिकेट आहे का? आणि सर्टिफिकेटला ऑडिट लागतं. सुसे आणि आयबीएम यांनी 2003-04 मध्ये कर्नेलला वेगळी ठिगळं लावून ऑडिट बसवलं आणि सर्टिफिकेट मिळवलं. पण ठिगळ ते ठिगळ. मूळ कर्नेलमध्ये ते नव्हतं.

2004 मध्ये रेड हॅटच्या रिक फेथ यांनी मूळ कर्नेलसाठी ऑडिटची चौकट पाठवली. 2.6.6 या आवृत्तीत ती आली. तिचं वर्णन त्यांनी काय केलं होतं? ‘लाइट-वेट’. हलकीफुलकी! ओझ्याची काळजी पहिल्या दिवसापासून होती, हे इथे दिसतं.

हीच रेड हॅट जिचं आपल्या पुण्यातही मोठं इंजिनिअरिंग केंद्र आहे. इस्लामपूर, सांगली, कराडकडची कितीतरी पोरं कॉम्प्युटरची डिग्री घेऊन पुण्याला जातात, त्यांच्या रोजच्या कामातली ही यंत्रणा आहे. परदेशातली लांबची गोष्ट नाही.

मग रांग का लागली?

आता जरा तांत्रिक होऊ, पण सावकाश.

कर्नेल प्रत्येक प्रोसेसवर छोट्या छोट्या झेंड्या लावून ठेवतो. त्यातली एक झेंडी म्हणजे ‘याचे कॉल ऑडिट करायचेत’. प्रोसेस जन्मते तेव्हाच ही झेंडी लागते. मग तिचा प्रत्येक सिस्टिम कॉल साध्या वाटेनं न जाता ऑडिटच्या वाटेनं जातो.

आत येताना कॉलचा नंबर आणि पहिली चार मूल्यं टिपून ठेवतात. काम चालू असताना कुठल्या फाइलला हात लागला ते टिपतात. आणि बाहेर पडताना नियमांची यादी बघतात : हा कॉल वहीत लिहायचा की सोडून द्यायचा?

निर्णय शेवटी का? कारण नियम असा असू शकतो : ‘परवानगी नाकारली गेली तरच लिहा’. नाकारली की नाही हे काम झाल्यावरच कळणार. काट्यासारखंच. रिकामं वजन झाल्याशिवाय निव्वळ वजन निघत नाही. म्हणून लिहायचं असो वा नसो, आत येताना टिपून ठेवावंच लागतं.

यातून एक विचित्र परिस्थिती तयार झाली. ऑडिट चालू आहे, पण नियम एकही नाही. म्हणजे वहीत काही लिहायचंच नाही. तरी प्रत्येक कॉल ऑडिटच्या वाटेनं जातोय, टिपतोय, यादी बघतोय, यादी रिकामी, टिपलेलं फेकून देतोय. काट्यावर गाडी चढवायची, वजन बघायचं, पावती फाडून टाकायची आणि म्हणायचं, जा आता.

एका कॉलला असा किती वेळ जाणार? नॅनोसेकंदांची गोष्ट. पण गणित करा. समजा एका सर्व्हरवर सेकंदाला 10 लाख कॉल होतात आणि प्रत्येकाला 100 नॅनोसेकंद जास्त लागले. 10 लाख गुणिले 100 नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरची 10 टक्के ताकद गेली, आणि वही कोरीच.

2014 : ‘हे बंदच का करू नये?’

2014 मध्ये अँडी लुटोमिर्स्की या कर्नेल डेव्हलपरनं हे उघडपणे मांडलं. बहुतेक लोकांच्या लॅपटॉपवर सिस्टिम कॉलचा एकही नियम नसतो, मग सगळ्यांनी ही किंमत का मोजायची? फेडोरा या लिनक्समध्ये यावर चर्चा झाली आणि मार्ग निघाला एका ओळीचा. सुरुवातीच्या नियमांत ‘टास्क, नेव्हर’ असा नियम घातला. अर्थ असा : नवीन प्रोसेस जन्मताना तिला ऑडिटची झेंडीच लावू नका. ज्याला सिस्टिम कॉल ऑडिट पाहिजे त्यानं ही ओळ काढून टाकावी.

पण हे फुकट मिळालं असं नाही, आणि विरोध करणारे वेडे नव्हते. झेंडी जन्मताना लागते. म्हणजे हा नियम चालू असताना जन्मलेली प्रोसेस पुढेही ऑडिटच्या बाहेरच राहते. उद्या घाईघाईनं ‘आता सगळं नोंदवा’ असं ठरवलं तरी आधीपासून चालू असलेल्या प्रोसेस त्यात येत नाहीत. त्या बंद करून परत सुरू कराव्या लागतात. शिवाय, एसई-लिनक्सनं एखाद्याला अडवलं तर अडवल्याचा संदेश येतो, पण कुठली फाइल, कुठला कॉल हा तपशील कमी मिळतो. तो ऑडिटच्या वाटेवरच टिपला जात होता ना.

साध्या लॅपटॉपसाठी हा सौदा बरोबर. बँकेच्या सर्व्हरसाठी नाही. एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही, हे या वादातून शिकायचं.

वही भरली तर काय?

आता त्याहून अवघड प्रश्न. नियम आहेत, नोंदी होत आहेत, पण लिहिणारा मागे पडला. कर्नेलकडून नोंदी एका रांगेत जातात, तिथून ऑडिट-डी नावाचा कारकून त्या डिस्कवर लिहितो. रांगेची लांबी मूळ ठरलेली फक्त 64. रांग भरली की?

दोनच पर्याय. नोंद सोडून द्या, किंवा काम थांबवा. लिनक्समध्ये आधी काम थांबतं : रांगेत जागा होईपर्यंत ती प्रोसेस ताटकळते. तरीही जमलं नाही तर काय, ते प्रशासकानं ठरवायचं : गप्प बसा, संदेश द्या, किंवा अख्खं मशीनच बंद पाडा. हो, मशीन बंद पाडणं हाही अधिकृत पर्याय आहे. नोंद नसलेलं काम होण्यापेक्षा काम न झालेलं बरं, असं म्हणणारी ठिकाणं जगात आहेत.

माझ्या ओळखीच्या एका पोरानं हे भोगलंय. कंपनीचं नाव घेत नाही. ऑडिटर येणार म्हणून त्यानं इंटरनेटवर सापडलेली नियमांची लांबलचक यादी जशीच्या तशी सर्व्हरवर टाकली. संध्याकाळी सगळं अडकलं. लॉगिन होईना, वेबसाइट उघडेना. स्क्रीनवर एकच ओळ परत परत : ऑडिट बॅकलॉगची मर्यादा ओलांडली. रात्री साहेबांनी सांगितलं, “ऑडिट बंद कर.” त्यानं केलं. सर्व्हर पळायला लागला. आणि ते ऑडिट मग कुणीच परत चालू केलं नाही.

मला वाटतं, खरा धोका हा आहे. जड ऑडिट फक्त मशीन हळू करत नाही. ते माणसाला ऑडिट बंद करायला लावतं.

नोंद कशाला पाहिजे : पुणे, ऑगस्ट 2018

कुणी म्हणेल, राहू दे बंद, काय बिघडतं? तर 2018 आठवा. 11 ऑगस्ट, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांनी उभी केलेली खोटी यंत्रणा ‘द्या पैसे’ म्हणत होती. 13 ऑगस्टला स्विफ्टमार्फत 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात गेले. एकूण आकडा 94 कोटी 42 लाख.

सहकारी बँक म्हणजे आपल्याकडे काय असते, ते तुम्हाला सांगायला नको. आईच्या भिशीचे, आजोबांच्या ठेवीचे, उसाच्या बिलाचे पैसे तिथे असतात. अशा कुठल्याही हल्ल्यानंतर तपास करणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : कुठल्या मशीनवर, कुठल्या खात्यातून, कुठला प्रोग्रॅम, किती वाजता चालला? वही असली तर उत्तर आहे. नसली तर नुसते तर्क.

28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं आदेश काढला : सायबर घटना 6 तासांत कळवा आणि सिस्टिमचे लॉग 180 दिवस भारतात जपून ठेवा. परत गणित करू. सेकंदाला 1,000 नोंदी, एक नोंद साधारण 1 किलोबाइट धरली, तर दिवसाला 86 जीबी. 180 दिवसांत 15 टेराबाइटच्या वर. एका सर्व्हरचे. म्हणजे ‘सगळं लिहा’ हे डिस्कलाही परवडत नाही आणि वाचणाऱ्या माणसालाही.

ओझं कमी कसं झालं?

पहिला मार्ग सगळ्यात जुना : नियम नीट लिहा. कॉल झाला की नियमांची यादी वरून खाली तपासली जाते आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो. एकाच कामासाठी दहा कॉलचे दहा नियम लिहिण्यापेक्षा एका नियमात दहा कॉल घालता येतात. ज्या गोंगाटाची नोंद नकोच, त्याला सोडणारा नियम सगळ्यात वर ठेवायचा. पासवर्डच्या फाइलवर लक्ष ठेवायचं तर त्या फाइलवरच पहारा बसवायचा, अख्ख्या मशीनच्या प्रत्येक ‘उघड’ कॉलवर नाही.

दुसरा मार्ग कर्नेलच्या आतला. 2017 च्या सुमारास पॉल मूर यांनी रांगेची व्यवस्था नव्यानं बांधली. 2022 मध्ये अंकुर अरोरा यांनी नियम तपासणाऱ्या कोडमध्ये बारीक सुधारणा पाठवल्या. एकच आकडा मेमरीतून परत परत वाचण्याऐवजी एकदा वाचून जवळ ठेवणं, अशा पातळीवरच्या. ऐकायला किरकोळ, पण जी ओळ सेकंदाला लाखो वेळा चालते तिथे किरकोळ असं काही नसतं.

तिसरा मार्ग ईबीपीएफ. कर्नेलच्या आतच छोटा, आधी तपासून घेतलेला प्रोग्रॅम बसवायचा. तो जागच्या जागी ठरवतो, ही घटना कामाची की नाही, आणि कामाची असेल तेवढीच बाहेर पाठवतो. हेही फुकट नाही. पण सगळ्या गाड्या काट्यावर चढवण्याआधी दारातच निवड होते.

तुमच्या फोनमध्ये काय चालतं? अँड्रॉइड 5.0 पासून, म्हणजे 2014 पासून, एसई-लिनक्स पूर्ण सक्तीनं चालतं आणि त्यानं एखाद्या अ‍ॅपला अडवलं की त्याचा संदेश याच ऑडिटच्या चौकटीतून येतो. 2017 च्या अँड्रॉइड 8.0 पासून अ‍ॅपना नको असलेले कॉल सेककॉम्पनं थेट बंदच केले. जे दारच उघडत नाही, तिथे वही घेऊन बसायची गरज काय?

काटा चुकवणारी वाट

एक शेवटची गोष्ट. 2019 मध्ये लिनक्स 5.1 मध्ये आयओ-युरिंग नावाची नवी सोय आली. सिस्टिम कॉल महाग पडतात म्हणून कामांची यादी एका सामायिक रांगेत टाकायची, कर्नेल ती उचलून करत राहतो. एकेका कामाला वेगळा कॉल नाही. वेगासाठी एकदम झकास. पण ऑडिटची वही कुठे होती? सिस्टिम कॉलच्या दारात. गाड्या दुसऱ्याच वाटेनं आत जायला लागल्या आणि काट्यावरचा माणूस जुन्या दारातच बसून. या नव्या वाटेवर ऑडिट आलं ते जानेवारी 2022 च्या 5.16 आवृत्तीत. मध्ये जवळपास तीन वर्षं.

म्हणून कुणी म्हणालं, ‘आम्ही ऑडिट एकदम हलकं केलं’, तर लगेच टाळ्या वाजवू नका. विचारा : रांग कमी झाली ती काटा सुधारल्यामुळे, की गाड्या काटा चुकवून जायला लागल्या म्हणून? दोन्हींत मशीन सारखंच पळतं. फरक कळतो तो भांडणाच्या दिवशी.

तुमच्यापैकी जे कुणी उद्या एखाद्या बँकेचा, पतसंस्थेचा, कारखान्याचा सर्व्हर सांभाळणार आहात, त्यांना एवढंच सांगणं. नियम टाकण्याआधी मोजा, टाकल्यावर परत मोजा. किती नोंदी हरवल्या हा आकडा ऑडिट स्वतःच दाखवतं, तो रोज बघा. आणि सर्व्हर हळू झाला म्हणून साहेब “बंद कर” म्हणाले, तर म्हणा, “साहेब, बंद नको, कमी करू. कुठलं कमी करायचं ते मला माहीत आहे.”

एवढं म्हणता आलं की झालं.

या भागात काही अडलं असेल तर जरूर कळवा. मित्राला पाठवा, विशेषतः जो कॉम्प्युटरला आहे आणि ज्याच्या घरचा ऊस अजून रांगेत आहे त्याला. भेटू पुढच्या भागात. राम राम!